शेवटचं रीळ

पडद्यावर नावं सरकायला लागली तरी चुनीलाल उठला नाही. दुपारच्या खेळाला नंदुरबारच्या त्या थिएटरात मोजकीच माणसं होती, तीही निघून गेली. शेजारी बायको तापीबाई पदर सावरून बसली होती.

“पार वाटोळं करी टाकं,” तो म्हणाला.

चाळीस वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या जत्रेत, तंबूतल्या टॉकीजमध्ये त्याने मूळ सिनेमा सात वेळा पाहिला होता. अंतराळात हरवलेला मुलगा. सगळी दुनिया त्याला मेला म्हणते, आई तेवढी रोज गच्चीवर जाऊन बसते. शेवटी आभाळात उजेड दिसतो, ती उठून उभी राहते आणि सिनेमा संपतो.

नव्यात यंत्रमानव काय, कान फाडणारं संगीत काय, नुसता चकचकाट. जीव कशातच नाही. आणि शेवट तर थोबाडीत मारल्यासारखा. उजेड दिसतो, आई उठते, पण तो उजेड म्हणजे पोराचं जळत कोसळणारं यानच. त्या क्षणी चुनीलालने तापीबाईचा हात घट्ट धरला होता. तिने डोळे आधीच मिटून घेतले होते. थकली असेल, असं त्याला वाटलं.

त्यांचा मुलगा योगेंद्र मालवाहू जहाजावर कामाला होता. जहाज बुडालं त्याला सात वर्षं झाली. पाच जणांचा पत्ता लागला नाही, त्यांतला तो एक. तापीबाई आजही रोज त्याचं ताट वाढते. तिचा धीर खचू नये म्हणून चुनीलाल तिला तोच सिनेमा सांगत आला. कोणाचा विश्वास नव्हता, तरी आला ना तो? ती ऐकून घ्यायची आणि मान हलवायची.

दिवाळीत सून नूतनने एक बंद पाकीट त्याच्या हातात ठेवलं. आत कोर्टात लावायचा कागद आहे, असं तिने सांगितलं. योगेंद्र गेला असं धरावं, आईबापांची संमती आहे. पोर अजून तिशीतली, तिचंही काही चुकत नव्हतं. पण चुनीलालने ते पाकीट फोडलंच नाही, नुसतं खिशात घालून फिरत राहिला. आपण सही केली तर तापीबाई हाय खाऊन मरेल, याची त्याला खात्री होती.

तिला उभारी यावी म्हणून आज सिनेमाला आणलं, तर हे असं झालं. त्याने गाडी सरळ कळसाडीला घरी न नेता रनाळ्याकडे वळवली. जत्रेतल्या तंबूत सिनेमाचं मशीन चालवणारा सुकलाल तिथे राहत होता. खरा शेवट त्याच्या तोंडून ऐकला की तिचा जीव भांड्यात पडेल.

तापीबाईला गाडीतच बसवून तो आत गेला. सुकलालने तंबाखू मळता मळता सगळं ऐकून घेतलं.

“भाऊ, पिच्चर तोच शे,” तो म्हणाला. “शेवटलं रीळ आम्ही लावतच नई व्हतूत. लोके रडत निंघेत, मंग दुसरा खेळले कोन बशी?”

इतकी वर्षं चुनीलाल ज्या शेवटावर जगला, तो एका तंबूवाल्याने कापून दिलेला होता.

“तिले सांगू नको,” तो म्हणाला. “पोऱ्या परत येस, इतलंच सांग.”

सुकलाल बाहेर आला, गाडीच्या खिडकीशी वाकला आणि खोटं बोलला. चांगलं बोलला. तापीबाईने मान हलवली, चहा नको म्हणाली.

सारंगखेड्याचा पूल दिसायला लागला तेव्हा तिने तोंड उघडलं.

“तो जुना पिच्चर मी लगीनना पहिले सुरतले देखेल शे. मामाना घर व्हतू तैं. पुरा देखेल शे.”

चुनीलालने गाडी कडेला घेतली. मग रोजचं ताट कोणासाठी, त्याने विचारलं.

“तुम्हनासाठे,” ती म्हणाली. “ते वाढं नई ते तुम्ही जेवतस नई.”

त्याने खिशातलं पाकीट काढलं आणि पहिल्यांदाच फोडलं. कागदाच्या तळाशी दोन सह्यांच्या जागा होत्या. त्यांतल्या एकीवर तापीबाईची सही होती, दिवाळीच्याही आधीच्या तारखेची.