बारशाचा मान

दिगंबरला सख्खी बहीण नव्हती, म्हणून त्याच्या मुलीचं नाव ठेवायचा मान द्वारकाआत्याकडे आला. आईविना पोरक्या दिगंबरला तिनंच वाढवलं होतं. पाळणा तिनं सुरेख म्हटला, एक ओळसुद्धा चुकली नाही.

"आत्या, नाव मृण्मयी. लक्षात राहील ना?" दिगंबरनं पुन्हा बजावलं.

"मला शिकवतोस होय रे?" असं म्हणत ती बाळाच्या कानाशी वाकली. बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले.

"कुर्रर्र... दिगंबर!"

सगळ्या खो खो हसल्या. दिगंबरला हसू आलं नाही.

त्याच्या लग्नाआधी आत्याला विस्मरण सुरू झालं, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "मेंदूतला जो कोपरा नवं टिपून घेतो, त्याच्या पेशी जन्मभर आपले धागे उसवून पुन्हा विणत असतात. कीड आधी तिथेच लागते आणि मग पसरते. तो कोपरा आम्ही कायमचा निजवतो. जुनं सगळं शाबूत राहील, पण नवीन काही शिरणार नाही."

"या वयात तिला नवीन काय लागणार आहे?" असं म्हणून दिगंबरनं होकार दिला होता.

आत्यानं बाळ मांडीवर घेतलं. "गोड आहे हो. कुणाचं रे?"

"माझं, आत्या."

"चल, चावट! आधी लग्न तर कर."

बाळ रडू लागलं. आत्यानं पाळण्याशी बसलेल्या दिगंबरच्या बायकोकडे पाहिलं आणि अदबीनं म्हणाली, "अहो पाहुण्याबाई, याच्या आईला जरा बोलावता का?"