बापाच्या वरचढ

भल्याभल्या गॅरेजांनी हात टेकलेल्या रुग्णवाहिकेचं दुखणं तिने भरदुपारी शोधून काढलं. ज्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही, ते कंट्रोल मॉड्यूलच जळालं होतं. बाबा, स्वतः जुने मेकॅनिक, खुर्चीत बसून पाहत होते. त्यांनी आजवर कुणाचं कौतुक केलं नव्हतं, याच गॅरेजात राबलेल्या तिच्या दिवंगत थोरल्या बहिणीचंही नाही.

जळकं मॉड्यूल काढून तिने टेबलावरचं नवं उचललं, तोच मागे इंजिन सुरू झालं. अगदी गोड चालू लागलं.

“शाब्बास पोरी,” बाबा म्हणाले. “बापाच्या वरचढ निघालीस.”

तिची छाती क्षणभर फुलली. मग तिने गाडीकडे पाहिलं. आत कुणीच नव्हतं.

“बाबा, नवं मॉड्यूल अजून माझ्या हातातच आहे. चावीही खिशात आहे.”

बाबांची कौतुकभरली नजर चालकाच्या सीटवरून हलली नाही.

“तुला नाही गं,” ते म्हणाले. “तिला म्हणतोय.”