पाठुंगळी

चालता न येणाऱ्या लेकीला पाठुंगळी घेऊन ती सतरा वर्षं घराचे तीन जिने चढली-उतरली होती. लेक गेली, पाठदुखी मात्र राहिली. शिवणयंत्रावर घटकाभर बसणं आणि अंथरुणात कूस बदलणंही दुरापास्त झालं, तेव्हा शेजारणीने तिला हाताला धरून ॲक्युपंक्चरच्या दवाखान्यात नेलं.

"हल्ली जड काही उचलता का हो?" मणके चाचपत डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"वर्ष झालं, पाण्याची बादलीसुद्धा नाही."

"अहो, मग पाठ एवढी वाकलेली कशी? जसं काही कुणी गळ्यात हात टाकून बसलंय!"

डॉक्टरीणबाई हसल्या. ती हसली नाही.

आठव्या खेपेला कण्याच्या तळाशी शेवटची सुई शिरली आणि इतक्या वर्षांची वेदना सावलीसारखी पाठीवरून निसटून गेली. "आता सुखाने झोपा, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कठड्याला हात न लावता, ताठ कण्याने ती घराचा जिना चढू लागली. पहिला मजला कधी आला, तिला कळलंसुद्धा नाही.



अगदी खालच्या पायरीवरून रडवेला आवाज आला, "आई, आज मला इथेच ठेवून चाललीस?"