बत्तिसावं कलम

कंपनीचं चौसष्ट कलमांचं गोपनीयता धोरण मी लिहिलं. ते किती जणांनी वाचलं, हे ऑफिसातल्या पडद्यावर ठिपक्यांनी दिसत होतं. लाखो लोकांनी तीन सेकंदांत 'मान्य' दाबलं होतं. एकच ठिपका सहा दिवस ओळन्ओळ वाचत बत्तिसाव्या कलमावर येऊन थांबलेला. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. साहेबांनी ठिपका उघडला, तर माझे बाबा निघाले. त्यांची उभी हयात प्रुफं तपासण्यात गेली; लेकीचं लिखाण ते न वाचता कसे सोडतील? मी भारावून घरी गेले. बाबा मोबाइलवर लाकडी पट्टी धरून बसले होते. "बाबा, बत्तिसाव्या कलमावर का अडलात?" त्यांनी पट्टीलगतची ओळ दाखवली: 'तुम्ही काय वाचता, ते आम्ही पाहत नाही.' "पुन्हापुन्हा वाचतोय. फार छान लिहिलंयस." मग ते थबकले. "मी इथं थांबलोय, हे तुला कोणी सांगितलं?"