बागेला टपाल येत नाही

"बाबा, ते बघा, कासवं," हेडक्लार्क म्हणाला.

बाबा तळ्याच्या कठड्यावर ओणवे झाले. दगडावर तीन कासवं एकावर एक चढून ऊन खात बसली होती. सगळ्यात खालचं, वयानं बहुधा तेच मोठं असावं, मान आत घेऊन निमूट पडलं होतं. बाबा खळखळून हसले.

"अरे, हे इतकं जवळ होतं होय? घरापासून सात मिनिटं!"

सात मिनिटं खरीच होती. पण बाबा पोस्टमन होते, आणि बागेला टपाल येत नाही. तीस वर्षं ते या बागेच्या चारी बाजूंनी सायकल हाकत फिरले, कुंपणाच्या आत काय आहे हे बघायला कधी उतरले नाहीत. निवृत्त झाले तेव्हा वेळ मिळाला, पण गुडघ्यांनी संप पुकारला. आज मुलगा आपण होऊन "चला बाबा, बाग दाखवतो" म्हणाला, तेव्हा ते अंघोळ उरकून, भांग पाडून सातलाच तयार होऊन बसले होते.

मुलगा पन्नाशीला टेकलेला, एका विमा कंपनीत हेडक्लार्क. लोकांचे दावे फेटाळण्याची पत्रं तो लिहीत असे आणि त्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याची रीत ठरलेली होती. पहिल्या परिच्छेदात गोड चौकशी, दुसऱ्यात कंपनीला आपल्याबद्दल वाटणारा आदर, नकार तिसऱ्यात. आजचंही त्यानं तसंच बेतलं होतं. तळं पहिला परिच्छेद, काचघर दुसरा. तिसरा बागेच्या मागच्या फाटकापाशी. तिथून रस्ता ओलांडला की वृद्धाश्रमाची पिवळी इमारत. साडेदहाला येतो म्हणून कळवलेलं होतं. बॅग सूनबाई संध्याकाळी पाठवणार होती. नातीची परीक्षा तोंडावर आली होती, तिला दार लावून बसता येईल अशी खोली हवी होती, आणि घरात दार असलेली खोली एकच होती. ती बाबांची.

काचघरात बाबांनी निवडुंगांच्या पाट्या मोठ्यानं वाचल्या. आधी नाव वाचायचे, मग झाडाकडे बघून खात्री करून घ्यायचे, पाकीट बरोबर घरी आलंय ना अशी.

"हिला बघ. अंगभर काटे आणि डोक्यावर एवढंसं फूल. आमच्या पोस्टमास्तरीणबाई!"

हेडक्लार्कला हसू आवरेना. तोही इथं कधी आला नव्हता. हसता हसता त्यानं तीनदा बोलायला तोंड उघडलं, आणि तिन्ही वेळा त्यातून "पाणी हवंय का, बाबा?" एवढंच निघालं. बाबा तिन्ही वेळा पाणी प्यायले.

मग दोघं बाकावर बसले. बाबांनी बूट-मोजे काढून पाय गवतात सोडले.

"मी आता रोज येणार," बाबा म्हणाले. "घरात सकाळी माझी लुडबुड कुणाला नको असते. डबा घ्यायचा, कासवांपाशी येऊन बसायचं. काय?"

"या की," हेडक्लार्क भरात येऊन म्हणाला. "तुम्हाला तर आता इथं यायला दोन मिनिटंसुद्धा लागणार नाहीत."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. तिसरा परिच्छेद सहीशिवायच रवाना झाला होता.

गवतात बाबांची बोटं हलत होती, ती थांबली.

"दोन नाही, चार धर," ते म्हणाले. "मधल्या रस्त्याला गाड्या फार."

हेडक्लार्कनं पाण्याची बाटली उघडली आणि तशीच बंद केली.

"तीस वर्षं टपाल दिलंय मी त्या दारात. वर्षातून एकदा बँकेची पाकिटं यायची. हयात आहात का, ते कळवा. घरची पत्रं नसायची. ते हयात आहेत हे घरच्यांना माहीतच असायचं."

"बाबा, तसं नाही हो... परीक्षा होईपर्यंतच..."

"असू दे रे. नवीन माणूस यायचं ते सकाळच्या वेळी, या मागच्या फाटकातूनच. मुलानं नाहीतर मुलीनं कोपर धरलेलं. चेहरा असा खुललेला! मी सायकलवरून बघायचो. मनात म्हणायचो, या बागेत एवढं आहे तरी काय?"

"म्हणजे... तुम्हाला घरून निघतानाच कळलं होतं?"

"आज सूनबाईनं मला दोनदा चहा विचारला."

हेडक्लार्कनं मान खाली घातली. रागानं की कशानं ते त्यालाही सांगता आलं नसतं, तो म्हणाला, "मग आलात कशाला?"

"बाग बघायची होती," बाबा म्हणाले.

त्यांनी मोजे चढवले, बूट घातले. नाड्या बांधायला मुलगा वाकला, तर म्हणाले, "राहू दे. मला येतंय." मग त्यांनी स्वतः कोपर पुढं केलं. फाटक लागलं, रस्ता लागला. चार मिनिटंच लागली.

पिवळ्या इमारतीच्या दारावर बाबांनी सवयीनं दोनदा बेल दाबली आणि एक पाऊल मागं सरकून उभे राहिले. ऐन चाळिशीतल्या एका बाईनं दार उघडलं. तिच्या हातात रजिस्टर होतं.

"या," ती म्हणाली. "असे आत या ना."

तीस वर्षांत त्या दारात त्यांना कुणी आत बोलावलं नव्हतं. बाबा पायपुसण्यावर बूट पुसू लागले. बूट स्वच्छ झाले, तरी पुसतच राहिले.