सावरलेल्यांचा रकाना

"या एकशेदहा माणसांना तुम्ही सावरलेली म्हणता?" फोनवाल्या बाईंनी कागदांचा गठ्ठा दशांशच्या टेबलावर ठेवला.

दशांश हे त्याचं ऑफिसातलं नाव. भूक लागली तरी हा किती टक्के लागली ते सांगेल, असं सगळे चिडवायचे. त्याच्या कंपनीने एक चॅटबॉट, म्हणजे लिहून गप्पा मारणारा संगणक, काढला होता. लोक त्याच्याशी मनातलं बोलत. त्यातले किती जण मरणाची भाषा बोलतात, याचा दशांशने केलेला रिपोर्ट आज दुपारी साहेबांकडे जायचा होता. बाई खात्यात नवीन होत्या. त्याआधी वीस वर्षं त्यांनी एका हेल्पलाइनवर खचलेल्या लोकांचे फोन घेतले होते, म्हणून त्या फोनवाल्या.

लाखात दीडशे जण जगणं नको झाल्याचं लिहीत होते. पण दशांशने एक नियम बसवला होता. असं लिहून जो माणूस लगेच साध्यासुध्या गोष्टीकडे वळला, तो सावरला. असे एकशेदहा जण त्याने वेगळ्या रकान्यात टाकले. उरले चाळीस. "लाखात चाळीस? म्हणजे दर्यात खसखस!" कच्चा आकडा ऐकूनच साहेब खूश होते. मदतीला खरी माणसं नेमायची, ती या चाळिसांपुरतीच नेमायची असं ठरत आलं होतं.

बाईंनी वरचाच कागद वाचला. "'आता जगावंसंच वाटत नाही. बरं, ते जाऊ दे. पांढऱ्या शर्टावरचा शाईचा डाग कसा काढू?' हा सावरला?"

"डागाची काळजी आहे म्हणजे उद्या शर्ट घालायचाय त्याला," दशांश म्हणाला. "सरळ आहे."

"सरळ नाही हो. वीस वर्षं मी हेच ऐकलंय. जड काहीतरी बोलायचे आणि लगेच विचारायचे, बाई, चहा झाला का तुमचा? ते सावरलेले नसायचे. मी अवघडू नये म्हणून विषय बदलायचे."

दशांशला राग आला. त्या नियमावर त्याचा जीव होता, आणि त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दादाने आत्महत्या केली. आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला होता. "वैताग आलाय रे सगळ्याचा. बरं, ते जाऊ दे. तुझ्या गाडीचा खडखडाट थांबला का?" दशांश गाडीवर पंधरा मिनिटं बोलला होता. तेव्हापासून तो सगळ्यांना सांगत आला होता, की दादा शेवटपर्यंत ठणठणीत होता, गाडीची चौकशी करत होता, कुणाला कळणं शक्यच नव्हतं. एवढ्या एका आधारावर त्याला झोप लागत होती.

बाई गेल्या. त्याने गठ्ठा पुढ्यात ओढला. एक कागद वाचला, दुसरा वाचला. कुणी शाईचं विचारत होतं, कुणी बसचं, कुणी कुत्र्याच्या औषधाचं. सातव्या कागदावर त्याला दादाचाच आवाज ऐकू यायला लागला, आणि पुढची अक्षरं दिसेनाशी झाली. डोळे पुसून त्याने तो रकानाच काढून टाकला. चाळीसच्या जागी दीडशे लिहिले. साहेबांना काय म्हणायचं ते म्हणोत.

तेवढ्यात फोन वाजला. आईचा. ती आता एकटीच राहायची, आणि रोज जेवणाच्या सुट्टीत न चुकता फोन करायची. तो डबा खाता खाता हं हं करायचा.

"काही नाही रे, सहज केला," आई म्हणाली. "कशातच मन लागत नाही बघ. उगाच जगतेय असं वाटतं. बरं, ते जाऊ दे. तू जेवलास का?"

हे ती रोजच म्हणायची, याच क्रमाने. आणि दोन वर्षं तो उत्तर देत आला होता ते फक्त जेवणाचं.

"जेवणाचं राहू दे, आई," तो म्हणाला. "त्याच्या आधी काय म्हणालीस, ते मला परत सांग."