एकावन्न सालचा उपास

"चूक सापडली," एल्काना म्हणाला आणि त्यानं वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

बुखाऱ्याच्या आमच्या यहुदी मोहल्ल्यात त्यानंतर कुणी चहाच्या पेल्याला हात लावला नाही. एल्काना जेरुसलेमहून आलेला रब्बी. वय सत्तावीस, प्रमाणपत्रावर तीन शिक्के. येत्या महाउपासाची प्रार्थना मुल्लो हिझकियानं चालवायची की नाही, हे तो ठरवणार होता. जेरुसलेममध्ये ज्याला रब्बी म्हणतात त्याला मॉस्कोच्या कागदांवर राव्विन म्हणत, आमच्याकडे मुल्लो. पलीकडच्या मशिदीतही मुल्लाच. त्यावरून कधी कुणाचं बिनसलं नव्हतं. एल्कानाला मात्र बिनशिक्क्याची पदवी पचेना.

हिझकियाकडे शिक्का नव्हता, वह्या होत्या. सोव्हिएत अमलात यहुदी पंचांग मिळत नसे. रेशीम गिरणीतला हा रंगारी रात्रपाळी करून आला की गणित मांडून सणवार काढायचा आणि घरोघरी सांगून यायचा. चाळीस वर्षं मोहल्ला त्याच्या शब्दावर जेवला आणि उपाशी राहिला.

"एकावन्न साली महाउपास बुधवारी होता. तुम्ही गुरुवारी लावलात."

कोपऱ्यातली म्हातारी तोवो ताडकन उठली. "म्हणजे बुधवारी आम्ही जेवलो? अहो मुल्लो, एकही उपास मोडला नाही या समाधानात माझा नवरा गेला!" तिला रडू फुटलं.

"गणितात कुणीही चुकतं," एल्काना म्हणाला. "पण प्रार्थनेला मला दुसरा माणूस बघावा लागेल."

"गणित बरोबर होतं," हिझकिया म्हणाला. "पंचांग आमच्याकडे नव्हतं, पोलिसांकडे होतं. बुधवारी ते गिरणीच्या खाणावळीत बसणार होते. न जेवणाऱ्यांची नावं लिहायला."

"मग तसं सांगायचंत ना आम्हाला!"

"सांगितलं असतं तर तुझा नवरा जेवला असता?"

तोवो पुन्हा खाली बसली. तो जेवला नसता, हे सगळ्यांनाच माहीत होतं. एल्कानानं वही हळूच मिटली.

"रडू नकोस, तोवो. त्याला पाप लागलं नाही," हिझकिया म्हणाला. "त्याला ठाऊकच नव्हतं. मी त्याच्या शेजारी बसून जेवलो. मला ठाऊक होतं."